सातव्या आवृत्तीचे नाव

पर्ची हातात पडल्यावर श्यामकांत बेहेरेने सवयीने आधी तिच्यातल्या चुका शोधल्या. नाव बरोबर होते. वय सत्तेचाळीस, पुरुष, बाह्यरुग्ण, दहा डिसेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव, क्रमांक आठशे बारा. रक्तदाब मोजून घे म्हणून त्याच्या बायकोने, सुनेत्राने, पंधरा दिवस टुमणे लावले होते, आणि विभागप्रमुख असूनही तो रांगेत उभा राहिला होता, कारण खिडकीवर एका माणसाला सरासरी किती वेळ लागतो हे मोजण्याची ती आयती संधी होती. चव्वेचाळीस सेकंद लागत होते. रुग्णांची नोंद करून ही पर्ची छापणारा प्रोग्रॅम त्याच्याच संगणक विभागाने लिहिलेला होता. संस्थेच्या या भल्याथोरल्या रुग्णालयात रोज साधारण अठराशे माणसे अशी पर्ची घेऊन निरनिराळ्या दारांपुढे बसत. त्याने ती घडी करण्यासाठी दुमडली, आणि दुमडताना सर्वांत खालची ओळ अंगठ्याखाली आली. फिकट, लहान रोमन अक्षरांत तिथे छापलेले होते : आवृत्ती सात, कोट बेरियां. मागचा माणूस म्हणाला, “ओ भाईसाब, हो गया ना? आगे चलो.” श्यामकांत पुढे झाला नाही, बाजूलाही झाला नाही. त्याला एवढेच जाणवले की आपल्या अंगठ्याला घाम आला आहे, आणि बाहेर धुक्यामुळे अकरा वाजताही दिवे लावलेले आहेत.

हे नाव तिथे असायला नको होते. वीस महिन्यांपूर्वी ते काढून टाकायला त्यानेच सांगितले होते.

नावे देण्याची पद्धतही त्याचीच. पूर्वी आवृत्त्यांना नुसते आकडे होते, आणि एकदा अशाच दोन जवळपासच्या आकड्यांच्या घोटाळ्यात जुनी फ्लॉपी चढवली गेली; तीनशे रुग्णांना दुसऱ्याच कुणाचे तरी क्रमांक मिळाले, आणि एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नसलेल्या मधुमेहाचे इंजेक्शन मिळता मिळता राहिले. श्यामकांतने त्यावर आठवडाभर विचार केला आणि निष्कर्ष काढला की माणसे आकड्यांत चुकतात, पाहिलेल्या जागांत चुकत नाहीत. मोरनी आणि कसौली यांचा घोटाळा जो माणूस तिथे जाऊन आला आहे तो करणार नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीला आसपासच्या एका ठिकाणाचे नाव द्यायचे. मात्र विभागातले चौघेही त्या ठिकाणी स्वतः जाऊन आल्याशिवाय ते नाव ग्राह्य धरायचे नाही. हा दुसरा नियम सगळ्यांना गमतीचा वाटला. त्याला तो पहिल्या नियमाचा अपरिहार्य भाग वाटत होता. चौघे म्हणजे तो स्वतः; मिरजेहून आलेली प्रोग्रॅमर नीलिमा पोतनीस; यंत्रे सांभाळणारा, भंडाऱ्याचा मुरलीधर; आणि हरकीरत सिंग, वय अठ्ठावीस, तिघांपेक्षा चांगले प्रोग्रॅम लिहिणारा आणि तिघांपेक्षा जास्त बोलणारा. सुखना तळ्यापासून सुरुवात झाली, कारण तिथे पायी जाता येत होते. मग पिंजोरची बाग, मोरनीच्या टेकड्या, कसौली, सरहिंद, नांगलचे धरण. रविवारी सकाळी संस्थेची मेटॅडोर घ्यायची, पराठे आणि नीलिमाने केलेल्या चकल्या घ्यायच्या, जागा पाहायची आणि परत यायचे. हरकीरतचे अक्षर सुरेख म्हणून एका काळ्या डायरीत तो नोंद करी : ठिकाणाचे नाव, जाण्याची तारीख आणि त्या आवृत्तीत बदललेल्या प्रोग्रॅमांची संख्या. नांगल, अकरा फेब्रुवारी, बेचाळीस. नांगलहून परतताना तीन ठिकाणी गाडी थांबवली गेली होती, तिन्ही ठिकाणी फक्त हरकीरतला खाली उतरवले होते, आणि तिसऱ्यांदा परत चढताना तो म्हणाला होता, “सर जी, अगली बार मेरे बदले नीलिमाजी को पगडी बांध देंगे. थोडी कसरत इनकी भी हो जाए.” सगळे हसले होते. श्यामकांतला आता आठवत होते की तो स्वतः जरा उशिरा हसला होता.

सातव्या नावाची पाळी हरकीरतची होती. त्याने आपल्या गावाचे, कोट बेरियांचे, नाव सुचवले. अमृतसरच्या पलीकडे, सरहद्दीकडे.

“तिथे बघण्यासारखं काय आहे?” नीलिमाने विचारले होते. दोन वर्षांत त्याला मराठी समजू लागले होते. उत्तर तो हिंदीत देई.

“कुआं है जी, छोटी ईंटों का. पिंजोर के बाग से पुराना.”

“आणि?”

“और मेरी बेबे है. वो भी लगभग उतनी ही पुरानी.”

त्या वसंतात त्या बाजूला कुणी जात नव्हते. मार्चमध्ये दोनदा दिवस ठरला आणि दोनदा मोडला. एकदा बंद होता, एकदा आदल्या दिवशी बसमधून माणसे उतरवून मारल्याची बातमी होती. प्रोग्रॅम तयार होऊन पडले होते. हरकीरत म्हणाला, “सर जी, नाम अभी दे देते हैं. देख बाद में लेंगे. गांव कहां भाग रहा है?” श्यामकांतने नकारार्थी मान हलवली. एकदा अपवाद केला की नियम उरत नाही, असे काहीतरी तो बोलला. शब्द नेमके आठवत नाहीत, पण आपल्या आवाजातले समाधान आठवते. मग हरकीरत म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारी मी घरी जातो, रस्ता बघून येतो, आठ एप्रिलचा रविवार पक्का करून येतो. तो तीस मार्चला गेला. सोमवारी परतताना नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली आणि त्याच्या पिशवीत काळी डायरी सापडली. तळे, बाग, टेकड्या, छावणी, रेल्वे जंक्शन, धरण. प्रत्येकापुढे तारीख आणि आकडा.

त्यानंतर हरकीरतला कुणी पाहिले नव्हते. चौकशीसाठी नेत असताना धुक्याचा फायदा घेऊन पळून गेला, असे त्याच्या बापाला तोंडी सांगण्यात आले होते. एप्रिलमध्ये धुके नसते, हे श्यामकांतने तेव्हाच मनाशी नोंदवले होते, आणि नोंदवून ठेवून दिले होते.

आणि आज तीन वाजता तो बाप, जगीर सिंग, येणार होता. पूर्वी दोनदा येऊन गेला होता; दोन्ही वेळा श्यामकांत मीटिंगमध्ये होता, म्हणजे एकदा खरोखरच होता. काल तो मुरलीधरकडे एक टाइप केलेला कागद ठेवून गेला होता. हायकोर्टात मुलाला हजर करण्याचा अर्ज द्यायचा होता, आणि वकिलाचे म्हणणे होते की डायरीतल्या सातही नोंदी संगणकाच्या कामाच्या होत्या असे विभागप्रमुखाने प्रतिज्ञेवर लिहून दिले तरच अर्जात जीव येईल. नाहीतर समोरची बाजू विभागप्रमुखाचाच जुना जबाब दाखवील. कागदावर पाच परिच्छेद होते. चार भरलेले होते. पाचव्यात लिहिले होते, ‘ही माहिती पूर्वीच्या जबाबात न देण्याचे कारण’, आणि खाली तीन रिकाम्या रेषा. रात्री जेवणानंतर तो कागद त्याने सुनेत्राला वाचायला दिला होता. ती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते; तिने तो तपासायला आलेल्या प्रयोगवहीसारखा वाचला आणि म्हणाली, “सही केलीस तर तुला पुन्हा बोलावतील.” “हो.” “या वेळी चहा देतीलच असं नाही.” “नाही.” मग तिने कागद परत दिला आणि विचारले, “तेव्हा तू खोटं बोलला होतास?” तो म्हणाला, “एक शब्दही नाही.” ती म्हणाली, “मग तुझं बीपी का वाढलंय?”

रक्तदाब न मोजताच तो वर आला. नीलिमा पडद्यासमोर बसली होती. खोलीत यंत्रांसाठी थंडावा ठेवलेला असे, त्यामुळे डिसेंबरात सगळे शाल पांघरून काम करत. मुरलीधर कोपऱ्यात कागदाची लांब घडी प्रिंटरमध्ये भरत होता. त्याने एकदा इकडे पाहिले आणि नको तितक्या काळजीने छिद्रे जुळवू लागला.

श्यामकांतने पर्ची तिच्या टेबलावर ठेवली. “हे काय आहे?”

तिने पाहिले. ती दचकली नाही. “वीस महिन्यांनी दिसलं तुम्हाला?”

“हरकीरतने आधीच घालून ठेवलेलं नाव मी काढायला सांगितलं होतं. नुसता आकडा ठेवा म्हणालो होतो.”

“हो सर. मी नाही काढलं.”

“नियम तुला माहीत आहे. चौघांनी गाव पाहिल्याशिवाय—”

“आम्ही पाहिलंय,” नीलिमा म्हणाली. “मुरलीधर आणि मी. गेल्या वर्षी जुलैमध्ये. तुम्ही पुण्याला गेला होतात तेव्हा. बसने गेलो, दोनदा बदलून. त्याच्या आईला भेटलो.” ती थांबली. “हरकीरत तर तिथलाच. म्हणजे तीन झाले. तुम्ही एकटेच राहिलात.”

मुरलीधर कोपऱ्यातून हळूच म्हणाला, “विहीर आहे सर. इटा बिस्किटाएवढ्या आहेत, अगदी तो सांगे तशा. पाणी नाही तेवढं.”

त्याला काहीतरी बोलायचे होते. विभागात प्रमुखाच्या सूचनेचे काय होते याबद्दल. त्याऐवजी तो आपल्या खोलीत गेला आणि खुर्चीत बसला. पर्ची बाहेर नीलिमाच्या टेबलावर राहिली. वीस महिने गुणिले महिन्याचे पंचवीस दिवस गुणिले अठराशे, म्हणजे नऊ लाख. नऊ लाख वेळा ते नाव छापले गेले होते. लोकांनी त्या पर्च्यांत औषधाच्या गोळ्या बांधून नेल्या असतील, मागच्या बाजूला बसचे वेळापत्रक लिहिले असेल, फाटकाबाहेर त्या चुरगळून टाकल्या असतील. आणि पाहिल्याशिवाय नाव देऊ नये असा नियम करणाऱ्या माणसाने आपल्याच विभागाची पर्ची या काळात एकदाही हातात घेतली नव्हती. तो आकडेवारी पाहत होता. आकडेवारीच्या तळाशी नाव नसते.

हरकीरतला नेल्यानंतरचा बुधवार, चार एप्रिल. एका साध्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, हिरव्या कापडाचे टेबल, पंखा. अधिकारी त्याच्याच वयाचा होता, सभ्य होता, आणि त्याने स्वतः उठून खिडकीचा पडदा ओढला होता, कारण ऊन श्यामकांतच्या डोळ्यांवर येत होते. “डॉक्टर साहब, आप साइंटिस्ट हैं,” तो म्हणाला होता, “इसलिए आपसे बात करके अच्छा लगेगा. यहां सब अंदाज़े से बोलते हैं. आप वही कहिए जो पक्का हो.” इतके सोपे होते ते. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल कुणी त्याचे कौतुक केले नव्हते तीच त्याच्यापुढे कुणीतरी आदराने ठेवली होती, आणि त्याने ती उचलली. डायरी उघडी होती. सुखना ते नांगल, सहा नोंदी त्याने समजावून सांगितल्या. आकडे म्हणजे बदललेले प्रोग्रॅम हेही सांगितले, आणि विभागाच्या नोंदवहीतून सहाही आकडे जुळवून दाखवले. अधिकाऱ्याने प्रत्येकापुढे पेन्सिलीने बारीक खूण केली. मग त्याने सातव्या ओळीवर बोट ठेवले. कोट बेरियां, आठ एप्रिल, चार.

“इसमें भी चार प्रोग्राम बदले?”

“नहीं. इकतीस.”

“तो ये चार क्या है?”

“वो हमारे हिसाब में नहीं बैठता.”

“और ये नाम? ये आपके सॉफ्टवेअर का नाम है?”

इथे तो थांबला होता. ते थांबणे त्याने नंतर पुष्कळदा तपासून पाहिले आणि दर वेळी निर्दोष ठरवले. नियमाप्रमाणे चौघांनी पाहिल्याशिवाय नाव ग्राह्य नव्हते. चौघांनी पाहिले नव्हते. म्हणून ते नाव नव्हते, प्रस्ताव होता. “अभी नहीं,” तो म्हणाला. “नियम के अनुसार, नहीं.” अधिकाऱ्याने ते टंकलेखकाला सांगितले, आणि कागदावर ते असे उतरले : नोंद एक ते सहा कार्यालयीन कामाच्या आहेत, नोंद सात कार्यालयीन नाही, तिच्यातील आकड्याचा खुलासा साक्षीदार करू शकत नाही. त्याने ते दोनदा वाचले. प्रत्येक शब्द खरा होता. त्याने दोन्ही पानांवर सही केली. चहा चांगला होता. मग तो जिना उतरून खाली आला, आणि स्कूटर सुरू करायला त्याला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

या आठवणीत तो नेहमी जिन्याच्या माथ्यापर्यंत येई आणि तिथून एकदम स्कूटरवर जाई. आज, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याला त्या दोहोंमधली गाळलेली जागा दिसली. जसा आपणच लिहिलेल्या प्रोग्रॅममधला एखादा भाग आपण कधीच चालवून पाहिलेला नसतो, कारण तिथे चूक आहे हे आपल्याला ठाऊक असते.

जगीर सिंग तीनला पाच मिनिटे कमी असताना आला. उंच, वाकलेला, अंगावर पांघरलेल्या जाड खेसावर धुक्याचे बारीक थेंब. त्याने आधी जोडे दाराबाहेर काढले. संगणकाच्या खोलीत जोडे चालत नाहीत हे त्याला मुलाने कधीतरी सांगितले असावे. बसायला सांगितले तरी तो खुर्चीच्या कडेवरच बसला.

“सत श्री अकाल, डाक्टर साब. आज मीटिंग नहीं है?”

त्यात टोमणा होता की नाही हे श्यामकांतला ठरवता आले नाही. “नहीं,” तो म्हणाला.

“कागज़ देखा आपने?”

“देखा.”

“मैं पढ़ा-लिखा नहीं जी. वकील साब ने बनाया है. पूछते थे, वो जो चार लिखा है, क्या है. सरकार वाले उसी पर ज़ोर देते हैं.” म्हाताऱ्याने चार बोटे वर केली आणि ती तशीच धरून ठेवली. “मैंने कहा, रोटी है जी, और क्या. चार बंदे आने थे इतवार को. मुंडे ने, मेरे बेटे ने, मां के सामने कापी में लिखा, बेबे, चार. एक भाजी बिना मिर्च की बनाना, मेरे सर जी मिर्च नहीं खाते. वो फिर भी पूछती रही, चार कि पांच, चार कि पांच. तो उसने लिख के दिखाया.” बोटे खाली आली. “आपको तो पता ही होगा.”

श्यामकांतने टेबलाच्या काचेकडे पाहिले. काचेखाली मेटॅडोरजवळ उभ्या असलेल्या चौघांचा नांगलचा फोटो होता. तो वीस महिने तिथे कसा राहिला, आणि रोज त्याच्यावर फायली ठेवताना आपल्याला तो कसा दिसला नाही, याचे उत्तर त्याच्याकडे होते, आणि ते क्लिष्ट नव्हते.

“पता था,” तो म्हणाला.

प्रिंटर भिंतीपलीकडे चालू झाला आणि थांबला.

श्यामकांतने कागद पुढे ओढला. पाचव्या परिच्छेदाच्या पहिल्या रेषेवर त्याने इंग्रजीत लिहिले, ‘नाव देण्याच्या अंतर्गत नियमाच्या काटेकोर अर्थामुळे’, आणि ते वाचले. वाक्य बरोबर होते. त्याने त्यावर एक सरळ रेघ मारली, रेघेच्या टोकाला आद्याक्षरे केली, आणि उरलेल्या दोन रेषांवर लहान अक्षरांत लिहू लागला. जागा पुरली नाही, तेव्हा समासात लिहिले. लिहून झाल्यावर नीलिमाला हाक मारली. ती आली, तेव्हा ती पर्ची तिच्या हातातच होती. त्याने ती कागदाला टाचणीने जोडली आणि सही केली. नीलिमाने साक्षीदार म्हणून सही केली. तिने पाचवा परिच्छेद वाचला. मग त्याच्याकडे न पाहता पेनचे टोपण लावले.

“ये नीचे क्या है?” म्हाताऱ्याने पर्चीवर बोट ठेवले.

“आपके गांव का नाम. रोज़ छपता है. हर मरीज़ की पर्ची पर.”

जगीर सिंगने त्या ओळीवरून अंगठा एकदा फिरवला, जसा धान्याच्या दाण्यावरून फिरवतात. “और ये जो आपने हाथ से लिखा है? पढ़ के सुना दो जी. अंगूठा मुझे भी लगाना है कहीं.”

श्यामकांतने हिंदीत वाचले. हळू वाचले, कारण भाषांतर करताना एखादा शब्द सौम्य होईल अशी त्याला भीती होती.

“मैं बयान देकर दूसरी मंज़िल से उतर रहा था. बारहवीं सीढ़ी पर मुझे समझ में आया कि चार का मतलब खाने वाले चार लोग है, जिनमें मैं एक हूं. ऊपर जाकर बताने के लिए बारह सीढ़ियां चढ़नी थीं. मैं नहीं चढ़ा. कारण यह कि मैं डर गया था. दूसरा कोई कारण नहीं है.”

बाहेर कुणीतरी मुरलीधरला कागद संपल्याचे सांगत होते. जगीर सिंगने कागद घेतला, पर्ची आत राहील अशी त्याची घडी केली, घडी खेसाच्या आत सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि उठला. दाराबाहेर त्याने जोडे घातले; वाकताना त्याला चौकट धरावी लागली. श्यामकांत त्याच्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

“वकील साब को दे दूंगा,” जगीर सिंग म्हणाला. “जज साब को भी जो सुनना हो सुने.” त्याने खिशावर हात ठेवला. “पर ये उसकी मां को नहीं सुनाऊंगा. वो उस इतवार शाम तक चूल्हे के पास बैठी रही थी. कहती थी, वो बिना मिर्च वाला तो आएगा.”